भिंत बोलली पाहिजे

एका रविवारी सकाळी आमच्या चिरंजिवानं जाहीर केलं, की आपल्या घराला व्यक्तिमत्त्व नाही. मी चहा पीत होतो. म्हटलं, घरात राहणाऱ्यांना तरी कुठे आहे? सूनबाईनं बशी जरा आपटून ठेवली आणि मला वाटलं, संपला विषय. पण हल्लीच्या माणसांचा अपमान करणं फार अवघड झालंय, त्यांना तो पोचतच नाही. पुढच्या रविवारी दोघं एका कलाकाराला घरी घेऊन आले.

कलाकार म्हणजे भिंती सजवून देणारा. तोच त्याचा धंदा. लोकांच्या घरी जायचं, भिंतीसमोर उभं राहून सुस्कारा सोडायचा आणि 'इथे काहीतरी घडायला हवंय' असं म्हणायचं. आमचं घर केवढं, तर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा बोळ. त्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं. एवढ्याशा जागेत आणखी काय घडायचं राहिलंय, ते मला कळेना. त्यानं भिंतींवर टकटक केली, हवेत हातवारे केले असावेत, कारण सूनबाई मधून मधून 'हो हो, अगदी तसंच' म्हणत होती. शेवटी तो गंभीर आवाजात म्हणाला, भिंत बोलली पाहिजे. मी म्हटलं, बाबा रे, आजवर बोलणाऱ्यांचं इतकं ऐकलंय, की भिंत गप्प बसते म्हणूनच मला आवडते. तो हसला. असल्या लोकांना गिऱ्हाइकाच्या बापाला हसून दाखवायचं शिकवलेलं असतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला दिसत नाही. अगदी काळोख नाही. खिडकी कुठे आहे ते कळतं, कडेकडेनं सावल्या हलतात. पण समोर बघावं तर मधोमध पांढरट काहीतरी सांडलेलं असतं, आणि ज्याच्याकडे बघावं तोच नेमका त्यात बुडतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी एकटाच गेलो होतो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि गेलेली नजर परत येणार नाही असं सांगितलं. मी त्यांचे आभार मानले, चाचपडत रिक्षात बसलो, घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही.

बोललो नाही याला कारण आहे. चिरंजीव आणि त्याची ताई, म्हणजे माझी लेक, यांचं आपसात ठरलेलं आहे. बाबांना आपलं आपण जमतंय तोवर ते इथे. जमेनासं झालं की ताईकडे. हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण या घरात फोनवर बोललेलं वरच्या मजल्यावर ऐकू जातं, तर मला का नाही जाणार? लेक वाईट नाही. जीव लावते. पण तिचं घर दुसऱ्या गावी, तीन मजली, आणि तिचा हॉल एवढा ऐसपैस की मधे उभं राहिलं तर चारी बाजूंना हात पसरूनही काही लागत नाही. तिथे मला एका खोलीत बसवतील, हातात घंटी देतील, आणि घंटी वाजवली की कुणीतरी येऊन बखोटीला धरून बाथरूमला नेईल. मग मी मरेपर्यंत घंटीच वाजवायची.

इथे मी माझा मालक होतो. उजव्या हाताची बोटं पालथी करून भिंतीला टेकवायची आणि चालू लागायचं. कपाटाची कड, स्विचचा बोर्ड, दाराची चौकट, मग बोळातल्या भिंतीला एक फुगवटा. फुगवटा संपला की बाथरूम. स्वयंपाकघरात फ्रिज घुमतो, त्याच्या डावीकडे गॅस. माझा चहा मी करायचो. जिने उतरून खालच्या दुकानातून पाव आणायचो. कुणाला शंका आली नाही.

शंका आली नाही, कारण मी सगळ्याला नावं ठेवायचो. हा शोध माझा स्वतःचा. कौतुक करायचं तर दिसावं लागतं. 'वा, छान' म्हटलं की समोरचा विचारतो, काय आवडलं? मग नेमकं बोट ठेवावं लागतं. नावं ठेवायला डोळे लागत नाहीत. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानात शिरायचं, तराजूकडे तोंड करून नुसतं 'हं' म्हणायचं. दुकानदाराला घाम फुटायचा आणि काय लपवलंय ते तो आपल्या तोंडानं सांगायचा. घरात मी तेच चालू ठेवलं. पडद्यासमोर थांबून म्हणायचो, 'हं. हा रंग?' सूनबाई फणकारायची, का, हिरव्यात काय वाईट आहे? झालं, हिरवा. दुसऱ्या दिवशी चार लोकांत मी त्या पडद्याला शेवाळ म्हणायचो आणि माझी नजर अजून तीक्ष्ण ठरायची. आपल्या भाषेत आंधळ्यांवर किती म्हणी आहेत ते आठवून बघा. एकदा कळलं, की लोक त्या सगळ्या तुमच्यावर वापरून घेतात. त्यापेक्षा खडूस म्हणवून घेतलेलं बरं.

तर कलाकारानं पहिला हात घातला तो बोळात. भिंतीचा फुगवटा त्याला खटकला. ही भिंतीची चूक आहे म्हणाला, आणि दोन माणसं लावून घासून सपाट केला. त्यानंतर मी बाथरूम समजून झाडू ठेवायच्या कपाटात शिरलो. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा सूनबाई मागेच उभी होती. मी आतूनच ओरडलो, की हा झाडू कुठल्या जन्मी झटकला होता? ती ओशाळली आणि झाडू घेऊन गच्चीवर गेली. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि कपाळावरचा घाम पुसला.

मग फळ्या आल्या. भिंतीला ठोकलेल्या चिमुकल्या फळ्या, प्रत्येकीवर एकेक वस्तू. पुस्तकं म्हणाल तर नाही. कुणी न वाजवलेली घंटा, कुणी न जाळलेली मेणबत्ती, आणि एका फळीवर कुंडी. कुंडी नेमकी माझ्या कोपराच्या उंचीवर. पहिल्याच दिवशी माझा कोपर लागला आणि ती खाली पडून फुटली. चिरंजीव धावत आला. मी म्हणालो, मुद्दाम पाडली. घर आहे की रोपवाटिका? पडलो तरी नाक वर, ही एकच कसरत या वयात मला जमते.  तो केरभरणीत माती गोळा करत राहिला. त्यानं मातीत हात घालून ते रोप वेगळं काढलं आणि पेल्यात ठेवलं, असं सूनबाई नंतर कुणाला तरी सांगत होती. लहानपणीही तो असाच होता. मोडलेलं काही टाकायचा नाही.

आरशाची तर गंमतच झाली. जागा मोठी दिसावी म्हणून कलाकारानं बाहेरच्या खोलीत माणसाएवढा आरसा लावला. टिचभर घर दुप्पट दिसतं म्हणे. म्हणजे दोन टिचभर घरं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी खोलीत आलो तर डोळ्याच्या कडेला कुणीतरी उभं. मला वाटलं कलाकार. बरा सापडला एकटा, म्हणून मी त्याला झाडायला सुरुवात केली. म्हटलं, तुझ्यासारखे उंटावरचे शहाणे मी वजनं तपासताना पुष्कळ पाहिलेत; आत पोकळ, वरून पॉलिश. तो गप्प. मी आणखी जोरात बोललो. मागून सूनबाई आली आणि म्हणाली, बाबा, कुणाशी बोलताय? तेव्हा मी तळहात पुढे केला आणि काचेला लावला. म्हटलं, स्वतःशी. या घरात दुसरं बोलण्यासारखं आहे कोण?

ती आत निघून गेली. तिचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पोर दिवसभर ऑफिसात राबते, घरी येऊन माझं जेवणखाण बघते, आणि तिला हौस काय, तर चार भिंती छान दिसाव्यात. पण वाईट वाटून घेतलं असतं, तर तिच्या मागे जाऊन दोन शब्द बोलावे लागले असते, आणि वाटेत त्या नव्या फळ्या होत्या.

असं करत करत घरात माझ्याशी बोलणं कमी झालं. मी खोलीत आलो की आवाज खाली यायचे. भिंतीवर सुविचार रंगवले, ते मला कुणी वाचून दाखवले नाहीत. आकडे नसलेलं घड्याळ लागलं, त्याबद्दल मी दोन दिवस काहीच बोललो नाही, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी शेजारीणबाईंनी किती वाजले ते कळत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा मी चटकन म्हणालो, ज्यांना वेळेची किंमत नाही त्यांना आकडे कशाला. माझी पत सांभाळली गेली. पण माहिती आटत चालली होती. न चिडणाऱ्या दुकानदाराकडून काही कळत नाही.

आणि मग ते झाकलेलं प्रकरण आलं. बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर काहीतरी लावलं आणि त्यावर कापड टाकलं. चिरंजीव म्हणाला, बाबा, हे तुमच्यासाठी सरप्राइज आहे, रविवारी लोक येतील तेव्हाच उघडायचं. त्याच्या आवाजात एवढा उत्साह मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मला मात्र धडकी भरली. लोकांसमोर उघडणार, सगळे माझ्याकडे बघणार, आणि मला आधी काहीच माहीत नसणार. एका चुकीच्या वाक्यात माझी रवानगी ताईकडे.

मी तपास सुरू केला. सूनबाईला म्हणालो, आणखी एक शेवाळ असेल. ती म्हणाली, तुम्हीच बघा ना रविवारी. चिरंजिवाला म्हणालो, आरसा पुरला नाही वाटतं? तो नुसता हसला. दोघांनी अळीमिळी गुपचिळी केलेली. दुपारी घरात कुणी नसताना मी कापडाखाली हात घातला. चौकट, चौकटीत काच. कमरेपासून वर हात पोचेल तिथपर्यंत. म्हणजे चित्र. कशाचं, ते काच सांगत नाही. एकदा कलाकार बोळात उभा राहून फोनवर कुणाला तरी समजावत होता, तेवढं कानावर पडलं. चेहरा उजळ करा, केस भरगच्च करा, एकदम जाहिरातीतल्यासारखं दिसलं पाहिजे. झालं, मला कळलं. कुठल्या तरी नटमोगरीचं चित्र. या घराला व्यक्तिमत्त्व हवंय ना, मग ते उसनंच असणार.

मी दोन वाक्यं तयार करून ठेवली आणि निश्चिंत झालो.

रविवारी संध्याकाळी लोक आले. चिरंजिवाचे साहेब आणि त्यांच्या बाई, शेजारचं जोडपं, आणि अर्थात कलाकार. एवढी माणसं बसल्यावर कुणाला हात हलवायलाही जागा राहिली नाही. बिस्किटं फिरली. साहेबांच्या बाई प्रत्येक फळीसमोर 'किती क्यूट' म्हणत होत्या. साहेब म्हणाले, घरात शिरल्याबरोबर माणसं कोण आहेत ते कळतं. मी म्हटलं, हो, त्यासाठी आधी शिरायला जागा पाहिजे. शेजारी हसले. मी रंगात होतो.

मग चिरंजिवानं सगळ्यांना गप्प केलं. काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण अर्ध्यावर सोडून नाक शिंकरलं. मला त्याचा रागच आला. एका चित्रापायी गळा काढणारा हा माझा मुलगा. कापड ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी 'अरे वा' म्हणालं. साहेबांच्या बाई म्हणाल्या, काय प्रसन्न चेहरा आहे. म्हणजे चेहराच. माझा अंदाज पक्का होता. मग खोली शांत झाली आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. ते दिसावं लागत नाही.

"बोला ना बाबा," चिरंजीव म्हणाला.

"हं," मी म्हणालो. "कोण ही बया?"

कुणी हूं की चूं केलं नाही. दुकानात अशीच शांतता पसरायची, आणि तिच्यानंतरच खरं काम व्हायचं. मी आणखी पुढे गेलो.

"थोबाड रंगवून बसलीय नुसती. हिनं जन्मात काडी इकडची तिकडे केलेली दिसत नाही. रोज सकाळी हिचं तोंड बघायचं असेल, तर मी डोळे मिटून चहा पिईन. उतरवा ते."

 शेजारीणबाईंच्या हातातली बशी किणकिणली. मग चिरंजीव अगदी हळू बोलला, एवढा हळू की साहेबांना ऐकू जाऊ नये असं त्याला वाटत असावं.

"बाबा, ती आई आहे."

हात दाखवून अवलक्षण, ते याला म्हणतात. मला आठवतंय ते एवढंच, की माझे कान तापले आणि मी खुर्चीची दांडी घट्ट धरली. पाहुण्यांना एकाएकी कामं आठवली. साहेबांना सकाळी लवकर उठायचं होतं, शेजाऱ्यांचं दूध गॅसवर होतं. कलाकार जाता जाता सूनबाईला म्हणाला, की हवं तर फ्रेम बदलून देतो. त्या गाढवाला वाटलं, फ्रेमचा प्रश्न आहे.

दार लागल्यावर चिरंजीव बोलला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आईचा घरात एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, नखाएवढा. त्यावरून हे करून घेतलं. बाकी सगळं, त्या फळ्या आणि तो आरसा, आम्हाला हवं होतं म्हणून केलं. हे एक तुमच्यासाठी होतं.

"जन्मभर तिनं काही केलं की तुम्ही हं म्हणालात," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हापासून ऐकतोय. निदान आता तरी तिला सोडायचं होतं."

त्याला काय माहीत? आमच्यातला 'हं' वेगळा होता. मी 'हं' म्हटलं की ती माझ्याहून लांबलचक 'हं' म्हणायची, आणि मग आम्ही दोघं हसायचो. पोरांसमोर नाही, पोरं झोपल्यावर. ती गेली तेव्हा मला नुकतं कमी दिसायला लागलं होतं. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसून नुसता बघत राहायचो. ती म्हणायची, काय बघताय एवढं? मी सांगितलं नाही. तिचा चेहरा हा मी नीट पाहिलेला शेवटचा चेहरा. तिच्याखेरीज या जगात मी कुणाला मानलं नाही, आणि तिलाच मी साहेबांच्या बाईंदेखत बया म्हणालो होतो.

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. चिरंजीव वर चढला आणि चौकट भिंतीवर घासली. तो तिला उतरवत होता.

मी गप्प बसू शकलो असतो. खडूस तर होतोच, त्यात आणखी थोडा. कुणाला काही कळलं नसतं. उद्या सकाळी उठून भिंत धरून बाथरूमला गेलो असतो, माझा चहा मी केला असता, आणि या घरात मरेपर्यंत राहिलो असतो. बायकोला शिव्या घालणारा माणूस म्हणून. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मला ते जमलं नाही.

"थांब," मी म्हणालो. "उतरवू नकोस. मला दिसत नाही."

तो हसला. असं हसणं मी त्याला कधी शिकवलं नव्हतं, पण ते माझंच होतं.

"आता हे नवीन," तो म्हणाला. "परवा माझ्या शर्टावरचा डाग दिसला. पडद्यावरचं शेवाळ दिसलं. बंद कपाटातला झाडू मळका आहे ते दिसलं. सगळ्या घराची घाण दिसते तुम्हाला, आणि आई तेवढी दिसत नाही?"

शर्टाचं मी अंदाजानं बोललो होतो. तो जेवला आणि शर्टावर काही सांडलं नाही, असं लहानपणापासून झालेलं नाही. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी कळेना. एकेक डाग, एकेक रंग समजावून सांगायचा म्हणजे पुन्हा खोटेपणाच वाटणार. इतकी वर्षं इतकं चोख काम केलं होतं, की आता माझ्या खऱ्यावर कुणाचा विश्वास बसेना. चौकटीचा खालचा कोपरा स्टुलावर टेकल्याचा आवाज झाला.

"अरे, थांब जरा," सूनबाई म्हणाली. ती माझ्या अगदी समोरून बोलली. एवढ्या जवळ ती कधी आली ते मला कळलंच नव्हतं. "मी मघापासून यांच्या नाकासमोर पाण्याचा पेला धरून उभी आहे. यांना दिसत नाहीये."

 मी हात पुढे केला, तो पेल्याला लागला आणि पाणी माझ्या मांडीवर सांडलं. आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

त्यानंतर जे झालं ते सगळं मला आधीच माहीत होतं. चिरंजिवानं मला दोन्ही दंडांना धरून सोफ्यावर बसवलं. मी खुर्चीत चांगला बसलेलो होतो, तिथून उठवून बसवलं. दोघं मोठ्यानं बोलायला लागले, जणू कानही गेलेत. तुम्ही सांगितलं का नाही, असं त्यानं बऱ्याचदा विचारलं आणि माझं उत्तर एकदाही ऐकलं नाही. मग दोघं एकमेकांशी बोलू लागले. हे जिने उतरत होते एकटे. हे गॅस पेटवत होते. अहो-जाहो तशीच होती, पण आता मी 'हे' झालो होतो, खोलीतल्या कपाटासारखा. चिरंजीव फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. हळू बोलत होता बिचारा, पण आमच्या घरात हळू बोलण्याचा काही उपयोग नाही. "ताई," तो म्हणत होता, "नाही, अजिबात नाही दिसत. आम्हाला काय माहीत? हो. तू ये, मग तुझ्याबरोबरच पाठवतो."

बाहेरच्या खोलीत मी आणि सूनबाई उरलो. तिनं काही विचारलं नाही. ती स्टुलावर चढली आणि तिनं चौकट पुन्हा वर उचलली. जड असावी, कारण ती धापा टाकत होती. मी उठलो, चाचपडत गेलो आणि खालून एक कड धरली. या वेळी मी चाचपडतोय हे लपवायची गरज नव्हती. तेवढं एक सोपं झालं होतं.

"कशी दिसते?" मी विचारलं.

"छान दिसतात," ती म्हणाली. "हसतायत."

"दात दिसतायत?"

"हो. पांढरेशुभ्र. एका ओळीत."

आमच्या हिचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. ओळखपत्रासाठीसुद्धा तिनं कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

"आणि भुवईवरचा व्रण?"

सूनबाई जरा थांबली. "व्रण नाहीये. त्यांनी सगळं साफ करून दिलंय. केसही काळे केलेत. खरं सांगू बाबा? थोड्या वेगळ्याच दिसतात."

म्हणजे मी बोललो त्यात काडीचंही चूक नव्हतं. दात सरळ केलेली, व्रण पुसलेली, केस रंगवलेली ही कोण बया आमच्या भिंतीवर येऊन बसली होती, ते त्या कलाकारालाच ठाऊक. आयुष्यात एकदा न बघता खरं बोललो होतो. आणि या बयेपायी मी माझ्या भिंती घालवून बसलो होतो. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. सूनबाईनं विचारलं, की आणखी काही सांगू का? मी नको म्हटलं. पोराला यातलं काही बोलू नकोस, असंही सांगितलं. त्याला आई मिळाली आहे, तर मिळू दे.

ती स्टुलावरून उतरली, मागे सरून भिंतीकडे बघत उभी राहिली आणि सवयीनं विचारून गेली, "बाबा, सरळ लागलाय ना?"

मग तिच्या लक्षात आलं.

"डावी बाजू जरा वर घे," मी म्हणालो.

ती पुन्हा स्टुलावर चढली आणि तिनं ती वर घेतली.